साल्झबर्गला निघालीस आणि कुफश्टाइनला पोहोचलीस

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा सलग, आणि एकदा शेजारी रेल्वेचा नकाशा उघडून. तुझ्यासारख्या इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. तू म्युनिकमध्ये मास्टर्सच्या पहिल्या सेमिस्टरला आहेस. नोव्हेंबरातल्या एका रविवारी एकटीच साल्झबर्ग बघायला निघालीस. ओस्टबानहोफला, म्हणजे म्युनिकच्या पूर्व स्टेशनवर, ऐनवेळी फलाट बदलला, घाईत समोर आलेल्या गाडीत चढलीस आणि उतरलीस ती ऑस्ट्रियातल्या दुसऱ्याच गावात, कुफश्टाइनला. तिथून मागे फिरून साल्झबर्ग गाठलंस तोवर अडीच वाजले होते. किल्ल्यावर पोहोचेपर्यंत अंधार पडला, थंडीने फोन बंद पडला आणि ठरवलेली गाडी निघून गेली. पुढच्या गाडीत आधी सीमेवरच्या पोलिसांनी पासपोर्ट मागितला, तो खोलीवर होता. मग तपासनिसाने तिकीट मागितलं, ते बंद फोनमध्ये होतं. त्याने ६० युरोची पावती दिली. त्यात गाडीला वाटेत ७० मिनिटांचा उशीर झाला आणि तू रात्री अकराला खोलीवर आलीस.

तू तीन गोष्टी विचारल्या आहेस. ६० युरो भरायचे का? पोलिसांनी नाव लिहून घेतलं, त्याचा व्हिसावर परिणाम होईल का? आणि तिसरा प्रश्न, जो तू शेवटच्या ओळीत घातलास: ताई, मला एकटीने प्रवास जमतच नाही का?

मी गेली एकोणीस वर्षं जर्मनीत परदेशी विद्यार्थ्यांची सल्लागार म्हणून काम करते आहे. हिवाळी सेमिस्टरच्या पहिल्या दोन महिन्यांत, सोमवारी सकाळी, माझ्या दारात हमखास कोणीतरी चुरगळलेली पावती घेऊन उभं असतं. त्यामुळे पावतीपासूनच सुरुवात करते. तिची मुदत चालू झालेली आहे.

६० युरो भरू नकोस, पण पावती कपाटातही ठेवू नकोस. तुझ्याकडे डॉइचलांड-तिकीट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास आहे, तो तुझ्या नावाचं तिकीट आहे, त्या दिवशी ते वैध होतं आणि तू बसली होतीस ती साधी प्रादेशिक गाडी होती. या चारही गोष्टी खऱ्या असतील तर तू विनातिकीट नव्हतीस, तुला फक्त तिकीट दाखवता आलं नाही. जर्मनीत या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या जातात. मुदतीच्या आत तिकीट दाखवलंस तर ६० चे ७ युरो होतात. मुदत आणि पत्ता पावतीवर छापलेला असतो. ती मुदत एका आठवड्याची आहे असंच धरून चाल, म्हणजे चूक होणार नाही. त्या तारखेचं तिकीट दिसेल असा कागद किंवा स्क्रीनशॉट, पावतीचा क्रमांक आणि दोन ओळींचं पत्र, एवढंच पाठवायचं. जर्मन येत नसेल तर इंग्रजीत लिही, पण पावती क्रमांक ठळक लिही, कारण तिकडे माणूस नावाने शोधत नाही, क्रमांकाने शोधतो.

काही विद्यार्थी म्हणतात, मी चोरी केलेली नाही, मग ७ युरो तरी का देऊ? त्यांची भावना मला कळते. पण पावती तशीच ठेवली की ती वसुली करणाऱ्या कंपनीकडे जाते, जिला इथे इंकासो म्हणतात, आणि मग दर पत्रागणिक रक्कम फुगत जाते. एका मुलाने तीन पत्रं जाहिरात समजून फेकून दिली होती. तो माझ्याकडे आला तेव्हा मूळ रकमेपेक्षा वरचा खर्चच जास्त झाला होता. जर्मनीत तुझ्या पेटीत तुझ्या नावाने आलेलं पत्र म्हणजे कामाचं पत्र. उघड, वाच आणि वरची तारीख बघ.

हाच प्रसंग लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत घडला असता तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. साल्झबर्ग-म्युनिक मार्गावर एकाच फलाटावरून प्रादेशिक गाड्याही सुटतात आणि लांब पल्ल्याच्याही. डॉइचलांड-तिकीट मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ ला गेलं, जानेवारी २०२६ पासून ६३ झालं. किंमत वाढली तरी नियम तोच राहिला: ते फक्त प्रादेशिक आणि स्थानिक वाहतुकीला चालतं. आयसीई, आयसी, युरोसिटी, रेलजेट या लांब पल्ल्याच्या गाड्यांत ते नसल्यासारखंच आहे आणि तिथे ७ युरोची सवलत मागायला आधारच उरत नाही. पावतीवर गाडीचा क्रमांक आहे, तो आधी बघ. त्यात आरई किंवा आरबी अशी प्रादेशिक गाडीची अक्षरं असतील तर निश्चिंत राहा.

आता पोलिसांचं. तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त भीती या भागात आहे, म्हणून नीट सांगते. जर्मनीने ऑस्ट्रियाच्या सीमेवर २०१५ च्या सप्टेंबरपासून पुन्हा तपासणी सुरू केली आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून सगळ्याच भूसीमांवर ती चालू आहे. साल्झबर्गहून निघालेली गाडी सीमा ओलांडून पहिल्यांदा थांबते ती फ्रायलासिंगला, आणि पोलीस बहुतेक तिथेच चढतात. म्हणजे तुला कोणी हेरलं नव्हतं. ते पूर्ण डबाच तपासत होते.

तुझ्या पर्समध्ये रेसिडेन्स परमिटचं कार्ड होतं. तेवढ्यावरून त्यांनी संगणकावर तुझी ओळख पटवली, माहिती लिहून घेतली आणि सोडलं. एवढ्याने कोणाचं परमिट गेलेलं मी एकोणीस वर्षांत पाहिलेलं नाही. कदाचित एखादं पत्र येईल, कदाचित येणारही नाही. आलं तर त्यात विचारलेल्याला मुदतीत उत्तर द्यायचं, पासपोर्टची प्रत जोडायची आणि पाठवण्यापूर्वी विद्यार्थी-सल्ल्याच्या खिडकीवर दाखवायचं. अनेक ठिकाणी विद्यार्थी-सेवा संस्था मोफत कायदेशीर सल्लाही देते. लाजू नकोस, ते त्यासाठीच बसलेले असतात.

चूक मात्र झाली आहे आणि ती नीट समजून घे. रेसिडेन्स परमिटमुळे तुला शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं, पण ते वैध पासपोर्टसोबत. कार्ड म्हणजे तुझा राहण्याचा हक्क, पासपोर्ट म्हणजे प्रवासाचा कागद. एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. फोनमधला पासपोर्टचा फोटो तर दोन्हींपैकी काहीच नाही. साल्झबर्गचं स्टेशन आपल्या तिकिटात येतं, म्हणून ते म्युनिकचं लांबचं उपनगर वाटायला लागतं, आणि तिथेच गफलत होते. तिकीट सीमा ओलांडतं म्हणून कागदपत्रांची गरज संपत नाही.

या निमित्ताने एक जास्त गंभीर गोष्ट सांगून ठेवते. तुझं परमिट पुढच्या वर्षी नूतनीकरणाला जाईल तेव्हा मध्यंतरी हातात फिक्टिऑन्सबेशायनिगुंग नावाचा तात्पुरता कागद येऊ शकतो. त्याचे प्रकार आहेत. पहिल्यांदाच अर्ज केलेल्याला जो प्रकार मिळतो, त्यावर देशाबाहेर जाऊन परत आत येण्याचा हक्क मिळत नाही. जुन्या परमिटच्या नूतनीकरणाच्या काळात मिळणारा प्रकार वेगळा असतो. आत कुठल्या चौकोनात खूण आहे त्यावर सगळं ठरतं. तो कागद हातात असताना सीमेपलीकडे एका दुपारसाठीसुद्धा जाऊ नकोस, आधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून लेखी उत्तर घे. दंडापेक्षा हे कितीतरी मोठं प्रकरण आहे.

आता खरा दिवस. तू लिहिलंस की सगळं दुर्दैवाने घडलं. मला तसं वाटत नाही, आणि हे मी तुला दोष देण्यासाठी म्हणत नाही. दुर्दैवाला इलाज नसतो. तुझ्या दिवसातल्या बहुतेक गोष्टींना होता.

ओस्टबानहोफला तू गाडीच्या थांब्यांच्या यादीत रोझेनहाइम पाहिलंस आणि चढलीस. साल्झबर्गची गाडी रोझेनहाइमवरून जाते हे बरोबर आहे. पण कुफश्टाइनची गाडीही तिथूनच जाते. रोझेनहाइमला रूळ फुटतात. एक फाटा पूर्वेला प्रीन, ट्राउनश्टाइन, फ्रायलासिंग करत साल्झबर्गला जातो, दुसरा दक्षिणेला इन नदीच्या खोऱ्यात शिरून कुफश्टाइनला. नवख्या विद्यार्थ्यांची ही नेहमीची चूक आहे: मधलं मोठं स्टेशन ओळखीचं दिसलं की गाडी आपली वाटते. बघायचं ते शेवटचं स्टेशन, आणि फाट्यानंतरचा एक ठरलेला थांबा. साल्झबर्गसाठी तो प्रीन. यादीत प्रीन नसेल तर गाडी तुझी नाही.

तू लिहिलंस की डाव्या हाताला मोठा तलाव दिसेल असं मैत्रिणीने सांगितलं होतं, तू वाट बघत राहिलीस आणि तलाव आलाच नाही, डोंगर मात्र जवळजवळ येत गेले. ही ओळ वाचून मी थांबले. तुझं निरीक्षण अगदी बरोबर होतं. साल्झबर्गचा रूळ चीमसेच्या दक्षिण काठाजवळून जातो, तलाव डावीकडेच दिसायला हवा होता. तुला खिडकीतून कळलं होतं की काहीतरी चुकतं आहे, फक्त शेजारच्या माणसाला विचारायला तू संकोचलीस. पुढच्या वेळी विचार. वाक्य पूर्ण नसलं तरी चालतं. गावाचं नाव घेऊन प्रश्नार्थक सुरात म्हण, "साल्झबुर्ग?" रविवारच्या गाडीत पाठीवर सॅक घेतलेले चार आजी-आजोबा असतातच आणि त्यांना ते वेळापत्रक तोंडपाठ असतं.

गाडी चुकीची लागण्याचा दुसरा एक प्रकार आहे, तो तुझ्या वाट्याला अजून आलेला नाही, पण म्युनिकमध्ये राहतेस तर येईल. इथे काही गाड्या वाटेत तुटतात, म्हणजे अक्षरशः दोन-तीन भाग होऊन वेगवेगळ्या दिशांना जातात. म्युनिकहून दक्षिणेला तलावांकडे जाणारी गाडी होल्झकिर्खेनला आणि पुढे शाफ्टलाखला अशी विभागली जाते. एक भाग बायरिशत्सेलला, एक टेगर्नसेला, एक लेंगग्रीसला. २००४ च्या जानेवारीत मी टेगर्नसेसाठी बरोबर गाडीत चढले होते, पण चुकीच्या डब्यात. डोळा लागला, जाग आली तेव्हा बायरिशत्सेल, बर्फात बुडालेलं छोटं स्टेशन, पुढे रूळच नाहीत. एक तास तिथे उभी होते. त्या तासात मी जर्मनचे दोन शब्द शिकले ते आजतागायत विसरले नाही: फोर्डरर त्सुगटाइल, म्हणजे गाडीचा पुढचा भाग, आणि हिंटरर त्सुगटाइल, म्हणजे मागचा. घोषणेत हे शब्द आले की उठायचं आणि आपल्या डब्याच्या आतल्या पाटीवर कुठलं गाव लिहिलं आहे ते बघायचं.

घोषणांचे आणखी दोन तुकडे कानाला लावून घे. "हॉयटे आउफ ग्लाइस" म्हणजे आज अमुक फलाटावरून. "फेल्ट आउस" म्हणजे रद्द. ओस्टबानहोफला त्या सकाळी तुझ्या डोक्यावर यातलं पहिलंच वाक्य वाजत होतं.

फोनबद्दल फार लिहीत नाही, तुला ते कळलंच आहे. थंडीत बॅटरीचा अंतर्गत विरोध वाढतो आणि तीस टक्के दाखवणारा फोनही अचानक बंद पडतो. तो अंगाजवळच्या खिशात ठेवायचा आणि पॉवर बँक न्यायची. पण फोन गेल्यावर काय, हे कोणी सांगत नाही, ते सांगते. स्टेशनवर काचेमागे मोठं पिवळं वेळापत्रक लावलेलं असतं. ते सुटणाऱ्या गाड्यांचं. त्यावर तासांच्या क्रमाने सगळ्या गाड्या, थांबे आणि फलाट असतात. निघतानाच परतीच्या शेवटच्या तीन गाड्यांच्या वेळा एका कागदावर लिहून घे, त्याच कागदावर एक फोन नंबर आणि खोलीचा पत्ता. पाकिटात ५० युरोची एक नोट वेगळी ठेव आणि ती खर्चात धरू नकोस. रात्री स्टेशनवरच अडकलीस तर बानहोफ्समिसिओन शोध. जर्मनीत सुमारे १०० स्टेशनांवर ही मदतकेंद्रं आहेत, म्युनिकच्या मुख्य स्टेशनवरचं रात्रंदिवस उघडं असतं. तिथे धर्म, देश, तिकीट काही विचारत नाहीत. बसायला जागा देतात, गरम चहा देतात आणि फोन लावून देतात.

७० मिनिटांच्या उशिराचं म्हणशील तर डॉइचलांड-तिकिटावर ६० मिनिटांहून जास्त उशिराला दीड युरो भरपाई मिळते आणि ४ युरोंखालची रक्कम दिली जात नाही. म्हणजे असे तीन उशीर साठल्यावर अर्ज करायचा, तोही तीन महिन्यांच्या आत. रक्कम छोटी आहे, पण अर्ज कर. हक्क वापरायची सवय लागते आणि जर्मन फॉर्मची भीती जाते. शेवटची गाडी रेल्वेच्या चुकीने हुकली आणि तिने पर्यायी सोय केली नाही, तर रात्रीच्या टॅक्सीचे १२० युरोपर्यंत परत मागता येतात. पण तो नियम रेल्वेच्या चुकीसाठी आहे. किल्ल्यावर रेंगाळल्यामुळे गाडी चुकली तर त्याला कोणी पैसे देत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. तुझा दिवस कुफश्टाइनला बिघडला नाही. तो बिघडला साडेबाराला, जेव्हा तू घाईघाईने मागे फिरलीस.

कुफश्टाइनबद्दल तू पत्रात एकच ओळ लिहिली आहेस: "स्टेशनबाहेर आले तर डोंगरावरून खूप मोठा ऑर्गन वाजत होता, का ते कळलं नाही, रडू आलं." तुला काय ऐकायला मिळालं ते सांगते. त्या गावाच्या मधोमध खडकावर किल्ला आहे आणि त्याच्या एका बुरुजात हेल्डनऑर्गेल, म्हणजे वीरांचं ऑर्गन. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ते १९३१ मध्ये उभारलं आणि रोज दुपारी बारा वाजता वाजवलं जातं. खुल्या हवेत वाजणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या ऑर्गनांपैकी ते एक मानलं जातं. स्वर खोऱ्यात घुमतात, नदीपलीकडे स्टेशनपर्यंत येतात. लोक ते ऐकायला मुद्दाम बाराच्या हिशेबाने येतात. तू चुकून नेमकी त्या वेळी तिथे उभी होतीस.

त्या किल्ल्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १५०४ पर्यंत तो बव्हेरियाकडे होता. त्या वर्षी राजा माक्सिमिलियनने, जो पुढे सम्राट झाला, वेढा घातला. सुरुवातीच्या तोफगोळ्यांनी भिंतींना काहीच झालं नाही, तेव्हा किल्लेदाराने शिपायांना झाडू देऊन गोळे लागलेल्या जागा झाडून घ्यायला लावलं असं सांगतात. मग माक्सिमिलियनने इन नदीतून मोठ्या तोफा आणवल्या आणि त्यांपुढे किल्ला टिकला नाही. किल्लेदाराचं डोकं उडवलं गेलं. आज जो जाडजूड गोल बुरूज खालून दिसतो, तो त्यानंतर बांधलेला.

हे सगळं तुझ्यापासून दहा मिनिटांच्या चालीवर होतं आणि पूर्ण दुपार हाताशी होती. कुफश्टाइनपर्यंत तुझं तिकीट चालतं, म्हणजे परतीचीही काळजी नव्हती. पण तू साल्झबर्ग ठरवलं होतंस, म्हणून साल्झबर्गच गाठायचं. अर्धा तास मागे रोझेनहाइमला, गाडीची वाट, मग तासाहून जास्त पुढे. अडीचला पोहोचलीस, आणि नोव्हेंबरात तिथे साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. दोन तासांत मिराबेल बाग, मोझार्टचं घर, कॅथेड्रल, नदी आणि किल्ला. तू पाचही ठिकाणी गेलीस आणि पत्रात एकाचंही वर्णन नाही.

सकाळ मोडली की वेग वाढवायचा नाही, ठिकाण बदलायचं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी दिवस उलटा बांधायला सांगते. आधी परतीची गाडी ठरव, आणि ती शेवटची नसावी, शेवटून तिसरी असावी. मग त्या गाडीच्या एक तास आधी शेवटचं ठिकाण सोडायची वेळ लिही. मग उजेड कधी जातो ते बघ. हे तीन आकडे कागदावर आले की मध्ये किती वेळ उरतो ते आपोआप दिसतं, आणि मग जायची गाडी निवड. बहुतेक जण जायच्या गाडीपासून सुरुवात करतात आणि परतीचं नशिबावर सोडतात. अंधार, थकवा, भूक आणि उतरलेली बॅटरी हे सगळं परतीच्याच वाट्याला येतं, म्हणून विचारही तिथे जास्त हवा. रविवार असेल तर खाण्याचा डबा सोबत ने, कारण दोन्ही देशांत त्या दिवशी स्टेशनबाहेरची दुकानं बंद असतात.

साल्झबर्गला तू पुन्हा जाणारच आहेस, म्हणून माझ्या आवडीचं सांगते. पाच ठिकाणं नकोत, दोन घे. शहरातल्या बसला आपलं तिकीट चालत नाही, तेव्हा स्टेशनपासून चालत निघ. पंधरा मिनिटांत मिराबेल येतं. आर्चबिशप वोल्फ डीट्रिशने १६०६ मध्ये हा महाल आपल्या सहचरीसाठी, सालोमे आल्टसाठी बांधला. धर्मगुरूने उघडपणे बाईसाठी महाल बांधावा, हेच त्या शहराबद्दल खूप काही सांगतं. तिथले आर्चबिशप नुसते धर्मगुरू नव्हते, राज्यकर्ते होते. १८०३ पर्यंत ते वेगळं संस्थान होतं आणि ऑस्ट्रियाकडे ते कायमचं आलं १८१६ मध्ये. म्हणजे २७ जानेवारी १७५६ ला गेट्राइडेगासेच्या ९ नंबरच्या घरात मोझार्ट जन्मला तेव्हा तो आजच्या अर्थाने ऑस्ट्रियात जन्मलाच नव्हता. राज्याचा पैसा आला मिठातून. नावातच मीठ आहे, साल्झ म्हणजे मीठ, आणि ते नदीतून होड्यांनी वाहून नेलं जायचं.

कॅथेड्रलला गेलीस तर आत घुसण्याआधी दाराच्या जाळ्यांवर तीन आकडे शोध: ७७४, १६२८, १९५९. पहिल्या इमारतीचं अर्पण, आजच्या इमारतीचं अर्पण आणि १९४४ च्या बॉम्बने घुमट कोसळल्यावर झालेली पुनर्बांधणी. बाराशे वर्षं तीन आकड्यांत. तू त्या दारातून धावत गेलीस.

आणि किल्ला उजेडात बघ. होहेनसाल्झबर्गचं बांधकाम १०७७ मध्ये सुरू झालं. आपण ज्या केबलच्या गाडीने वर जातो ती १८९२ ची. पण किल्ल्याच्या मागच्या अंगाने आणखी एक रूळ चढतो, राइसझुग नावाचा, सामान वर ओढण्यासाठी बांधलेला. त्याचा लेखी उल्लेख १५१५ चा आहे आणि तो अजून चालू आहे. पर्यटकांना त्यात बसायला मिळत नाही, पण नोनबर्गच्या मठाकडून चालत गेलीस तर तो भिंतींमधून वर जाताना दिसतो. अख्ख्या साल्झबर्गमध्ये मला सगळ्यात प्रिय तो रूळ आहे, आणि तो बघायला पैसे पडत नाहीत.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न. तू परक्या देशात, परक्या भाषेत, बंद फोन घेऊन, चारदा सीमा ओलांडून, पोलिसांशी बोलून, रात्री अकराला एकटी सुखरूप खोलीवर आलीस. चुकीच्या गावात उतरल्यावर परत फिरायची गाडी तू स्वतः शोधलीस. ज्याला प्रवास जमत नाही तो कुफश्टाइनच्या फलाटावरून कोणाला तरी फोन करून रडत बसतो. तू स्टेशनबाहेर आलीस. तुला अनुभव कमी आहे, एवढंच, आणि तुला इथे येऊन जेमतेम सहा आठवडे झाले आहेत.

घरी सांगू की नको, असंही तू मधेच लिहिलं आहेस. सांग. आई काळजी करेल म्हणून लपवलेली गोष्ट पुढे फोनवर आवाजात येतेच आणि मग ती दुप्पट काळजी करते. फक्त क्रम बदल. पोलिसांपासून सुरुवात करू नकोस. आधी ऑर्गनचं सांग, दुपारी बारा वाजता अख्ख्या खोऱ्यात काय वाजत होतं ते. पण त्याआधी ती पावती शोध, तिच्यावरची गाडीची अक्षरं आणि तारीख मला आज संध्याकाळपर्यंत कळव. पत्राचा मसुदा मी बघून देते.